पाबळचा वाडा आणि लोणीचें इनाम

इंग्लंडच्या खेड्यांतून झाडींत दडलेले जुने जमीनदारी वाडे अजून दिसतात. विल्यम राजानें १०८६ सालीं मुलखाची जी पाहणी करविली, तींत नोंदलेलीं कित्येक गांवें अशा एकेका वाड्याच्या पोटासाठीं राबत. भोंवतालची कुळें पिकवीत, म्हणून वाडा उभा राही. आपल्याकडे हेंच काम इनामानें केलें.

आंबेगाव तालुक्यांतलें लोणी आणि शेजारच्या शिरूर तालुक्यांतलीं पाबळ व केंदूर हीं तीन गांवें थोरल्या बाजीरावानें मस्तानीस इनाम दिलीं, असें इतिहासकार सांगतात. पाबळास तिचा वाडा होता, ही परंपरा. इनाम म्हणजे गांवाची विक्री नव्हे. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार जागच्या जागींच असत. सरकारांत जावयाचा सारा मात्र इनामदाराकडे वळे.

तसें पाहिलें तर मस्तानीस घरांची वाण नव्हती. १७२९ सालीं बंगषाच्या वेढ्यांतून छत्रसालास सोडवून बाजीराव परतला, त्यानंतर ती पुण्यास आली. १७३० सालीं पाया घातलेल्या शनिवारवाड्याच्या एका दरवाजास तिचें नांव पडलें. कोथरुडासही तिच्यासाठीं महाल झाला. त्याचे अवशेष पुढें कवि ‘अज्ञातवासी’, म्हणजे दिनकर केळकर, यांनीं आपल्या पुण्यांतील संग्रहालयांत पुन्हां उभे केले. परंतु शनिवारवाड्यांतलें छप्पर बाजीरावाच्या मर्जीचें. त्याच्या पश्चात् तेथें तिचें कोण? तीन गांवांचा वसूल मात्र तिच्या नांवचा. बाजीरावानें हें ओळखूनच ही सोय केली असावी.

सोय अपुरीच ठरली. १७४० च्या आरंभीं बाजीराव स्वारीवर असतां मस्तानी पुण्यांत कैदेंत पडली. लोणीचा सारा तिला सोडवूं शकला नाहीं. २८ एप्रिलला रावेरखेडीस बाजीराव वारला आणि थोड्याच काळांत तीही गेली. विषानें कीं दुःखानें, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे.

तिच्या पोरक्या समशेरबहाद्दरास काशीबाईनें वाढविलें. कपाळीं सवत आली असतांही तिनें हें केलें, याची आठवण मस्तानीच्या कथा रंगविणारे क्वचितच ठेवतात! तो १७६१ त पानिपतावर लढून जखमांनीं वारला. त्याचा मुलगा अलीबहाद्दर बुंदेलखंडांत गेला. बांद्याचे नबाब ते त्याचेच वंशज.

पाबळास आज लोक जातात ते वाडा पाहावयास नव्हे, तर मस्तानीची साधी दगडी कबर पाहावयास.