मनाचा दवाखाना ते गटाची बैठक

आज एका विचाराचा इतिहास सांगते. हा विचार एका ग्रीक गुलामापासून निघाला, अमेरिकेत डॉक्टरांच्या हाती आला, टपालानं मुंबईत पोचला, आणि त्याच कुळातल्या काही पद्धती आपल्या नाशिक जिल्ह्यात, पेठ तालुक्यातल्या बायाबापड्यांनी वापरल्या. बचत गटातल्या बायांनीसुद्धा.

आधी आपल्याकडची जुनी गोष्ट. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झालं. तेव्हापासून कुणी जरा वेगळं वागलं की "याला ठाण्याला पाठवा" म्हणायची रीत पडली. म्हणजे मन बिघडलं तर एकच वाट, भिंतीआड. जी बाई रात्र रात्र जागते, जिला चूल पेटवायचंही त्राण राहत नाही, पण जी वेडी नाही, तिच्यासाठी काहीच नव्हतं. तिला अंगारा मिळायचा, नाहीतर "नाटकं करते" हे शब्द.

आता तो गुलाम. एपिक्टेटस त्याचं नाव, पायानं अधू. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तो शिकवायचा की माणसाला घटना त्रास देत नाहीत, तर घटनेकडे बघण्याची त्याची दृष्टी त्रास देते. न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी हा धागा उचलला. १९१३ सालचा जन्म, लहानपण आजारपणात आणि दवाखान्यात गेलेलं. रुग्णाच्या बालपणात वर्षानुवर्षं खणत बसण्याची तेव्हाची पद्धत त्यांना पटेना. १९५५ साली त्यांनी स्वतःची पद्धत मांडायला सुरुवात केली. तिचा गाभा तीन अक्षरांचा. ए म्हणजे घटना, बी म्हणजे त्या घटनेबद्दलचा आपला विचार, सी म्हणजे मनावर आणि वागण्यावर होणारा परिणाम. आपण ए वरून थेट सी वर उडी मारतो. मधला बी दिसतच नाही.

समजा, द्राक्षबागेवर गारपीट झाली. शेजारच्या दोन घरांचं नुकसान सारखंच. एकीच्या मनात येतं, "वर्ष वाया गेलं, कर्ज डोक्यावर आहे, आता बँकेत जाऊन बोलायला हवं." तिला दुःख होतं, काळजी वाटते, झोप कमी लागते. दुसरीच्या मनात येतं, "कर्ज वेळेवर फिटायलाच पाहिजे होतं. आता गावात तोंड कसं दाखवू? माझा काही उपयोग नाही." ती अंथरूण धरते. गारा त्याच, पण मधला विचार वेगळा. एलिस म्हणायचे, दुःख होणं साहजिक आहे, ते पुसायचं नाही. माणसाला मोडतो तो हट्ट. आपल्या मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो: 'च'. झालंच पाहिजे, मिळालंच पाहिजे, सगळ्यांनी मला चांगलं म्हटलंच पाहिजे. तो 'च' काढून "झालं तर बरं" असं मोठ्यानं म्हणून बघा. वाक्य तेवढंच राहतं, छातीवरचा दगड मात्र थोडा हलतो. एलिस स्वतः तोंडानं फार फटकळ होते म्हणतात. आपल्या गटात आले असते तर आजीबाईंशी त्यांचं चांगलं जमलं असतं.

त्याच सुमारास अमेरिकेतच डॉ. ॲरन बेक नैराश्याच्या रुग्णांचा अभ्यास करत होते. त्यांच्या ध्यानात आलं की या माणसांच्या मनात काही वाक्यं आपोआप उमटतात, आणि ती स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि पुढच्या दिवसांबद्दल वाईटच असतात. मी नालायक, जग वाईट, पुढं अंधार. ही वाक्यं खरी धरून न चालता, हिशेबाची वही तपासतो तशी तपासायची. पुरावा काय? जमेच्या बाजूला काहीच नाही का?

हे मराठीत कसं आलं? मुंबईच्या किशोर फडके यांनी १९६८ साली एलिसना पत्र लिहिलं आणि मग त्या दोघांचा पत्रव्यवहार छत्तीस वर्षं चालला. इंटरनेट नव्हतं, पाकिटं आणि तिकिटं होती. फडके सरांनी ही पद्धत आपल्याकडे अनेकांना शिकवली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली आणि आपल्या लिखाणातून, भाषणांतून या विचाराला घरगुती मराठी दिली. ज्या ठाण्याच्या नावानं आपण लोकांना घाबरवत होतो, त्याच गावात लोक आपल्या पायांनी मनाबद्दल बोलायला जाऊ लागले. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

पण हे सगळं शहरात. पेठच्या बाईनं ठाण्याला कसं जावं? धो धो पावसाचा तालुका, तरी उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट. भात-नागली निघाली की माणसं दिंडोरी-नाशिककडे द्राक्षाच्या कामाला जातात. तिथं २०१३ ते २०१५ या काळात ४१ गावांमध्ये 'आत्मीयता' नावाचा प्रकल्प झाला. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य केंद्रानं तो उभा केला. डॉक्टर नेमले नाहीत, गावातलीच माणसं तयार केली. काही जण 'मित्र' झाले. कोण गप्प गप्प आहे, कोण बैठकीला येईनासं झालंय, हे ओळखायचं काम त्यांचं. त्यांच्यापेक्षा जास्त शिकवलेले कार्यकर्ते त्या माणसाला चार-सहा वेळा भेटायचे. मोबाइलवर छोट्या फिल्म दाखवायचे, नीट ऐकून घ्यायचे, अडचणीचे तुकडे पाडायला मदत करायचे, आणि दिवसातलं एखादं छोटं काम ठरवून द्यायचे. आधी बरं वाटेल आणि मग उठू, असं नाही. आधी उठून अंगण झाडायचं, शेजारणीकडे जायचं, मग हळूहळू मन मागून येतं. मनावर उपचार करणारी मंडळी ही पद्धत आवर्जून वापरतात. आजार मोठा दिसला तर सरकारी दवाखान्यात पाठवायचं, हेही ठरलेलं होतं.

त्यात आणखी एक गोष्ट होती, सरकारी योजनांचा लाभ मिळवून देण्यासाठी मदत. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. कारण "विचार बदल" हे सांगणं कधी कधी अन्यायाचं होतं. नवरा रोज मारतो त्या बाईला "तू वेगळा विचार कर" म्हणून परत पाठवायचं? तिथं बदलायला हवी ती घटना. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायदा आहे, जिल्ह्यात संरक्षण अधिकारी आहेत. तिथला बी एवढाच तपासायचा, की "मार खाणं माझ्या नशिबातच आहे" हे वाक्य तिच्या मनात कुणी घातलं. ते निघालं तर ती तक्रार द्यायला उठते.

'आत्मीयता' पुढं गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात शेकडो गावांत गेलं आणि तिथं त्याचा रीतसर अभ्यासही झाला. सुरुवात आपल्या डोंगरात झाली होती, हे आपल्या जिल्ह्यातल्या किती गटांना माहीत आहे? बैठकीच्या इतिवृत्तात आपण गैरहजर बाईच्या नावापुढं दंड लिहितो. ती का आली नाही, हे विचारायला कोण जाणार, तेही त्याच पानावर लिहायला काय हरकत आहे?

आणि ज्यांच्या जवळ कुणीच नाही, त्यांच्यासाठी टेलिमानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर हा नंबर आजच लिहून ठेवा.