शिळेवरचें हंसूं

फ्रेंच सरकारनें १८३५ च्या सप्टेंबरांत कायदा करून राजकीय व्यंगचित्रांस आळा घातला, आणि त्यामुळेंच फ्रेंच कलेंत एका निराळ्या दालनाची भर पडली, असें म्हटलें तर वाचकांस नवल वाटेल. राजा लुई फिलिप यास खादाड राक्षसाच्या रूपांत रंगविल्याबद्दल ओनोरे दोमिए यानें १८३२ सालीं तुरुंगवास भोगला होता. आतां राजा हातचा गेला; तेव्हां त्याचा खडू वकील, सावकार, घरमालक आणि चित्रप्रदर्शनांत उगाच मान डोलविणारे रसिक यांच्याकडे वळला. त्यानें आयुष्यांत सुमारें चार हजार शिलाचित्रें काढलीं. त्यांखालचा संवाद पुष्कळदां दुसराच कोणी लिही. पण त्या फुगलेल्या पोटांस व ताठ मानांस संवादाची गरजच नाहीं, असें आमचें मत आहे. त्याचा समकालीन गावार्नी याच्या स्त्रिया अधिक डौलदार खऱ्या, परंतु खालची ओळ झांकली कीं त्या मुक्या होतात.

शिलामुद्रणाची युक्ति साधी आहे. शिळेवर तेलकट खडूनें रेखाटावें, शिळा ओली करावी, म्हणजे शाई रेघांवरच बसते. खोदकाऱ्याची मध्यस्थी नसल्यामुळें चित्रकाराचा हात जसाच्या तसा कागदावर उतरतो, आणि 'शारिवारी'सारख्या दैनिकास रोजचें चित्र देतां येतें.

हीच शिळा आमच्याकडेहि आली. १८७८ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनीं पुण्यास चित्रशाळा काढली. १८९४ सालीं मुंबईस निघालेला रविवर्म्याचा छापखाना पुढें मळवलीस गेला. पूर्वीच्या कुलाबा, आतांच्या रायगड जिल्ह्यांतील पेण-रोह्यासारख्या गांवांच्या माजघरांतून अशा छापखान्यांच्या तसबिरी लागल्या. रामपंचायतन, लक्ष्मी, सरस्वती. हंसणारें चित्र मात्र भिंतीवर चढलें नाहीं. कां? आमच्या मतें कारण विनोदाच्या अभावांत नसून कागदाच्या उपयोगांत आहे. पॅरिसचें चित्र वर्तमानपत्राबरोबर येई व दुसऱ्या दिवशीं रद्दींत जाई. आमचें चित्र चौकटींत बसे आणि सणावारीं त्यास हळदकुंकू लागे. ज्यास नमस्कार करावयाचा, त्यानें यजमानाची टिंगल करावी कशी?

थट्टा आमच्याकडे होतीच. शिमग्याच्या सोंगांत, गणेशोत्सवाच्या मेळ्यांत, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'त ती भरपूर सांपडते. मुंबईस 'हिंदी पंच' होता, पण त्याचा रोख बहुतेक राजकारणावर. बंगाल्यांत मात्र गगनेंद्रनाथ ठाकुरांनीं १९१७ सालीं 'अद्भुत लोक' हा शिलाचित्रांचा संच काढून आपल्याच वर्गांतल्या इंग्रजाळलेल्या बाबूंची दैना उडविली. घरांत दंडक पाळावयाचा आणि बाहेर साहेबी थाट मिरवावयाचा, ही तऱ्हा पुण्या-मुंबईच्या पदवीधरांतहि कमी नव्हती. तिच्यावर त्या तोडीचा चित्रसंच मराठींत निघाला नाहीं, ही उणीव आम्हांस बोंचते.

हातांची वाण होती असेंहि नाहीं. पेणचे मूर्तिकार गणपतीच्या डोळ्यांची आखणी ज्या बारकाईनें करतात, ती पाहिल्यावर त्यांच्यापैकीं एखाद्यास सावकाराचा चेहरा किंवा वकिलाची मान खडूनें पकडणें मुळींच जड गेलें नसतें. पण गणपति घरीं नेणारा यजमानच बहुधा सावकार किंवा वकील असे, आणि मूर्तीचे पैसे त्याच्याकडूनच यावयाचे.