महाराष्ट्र ओपन (टेनिस)

महाराष्ट्र ओपन ही पुणे येथे इ.स. २०१८ ते २०२३ या काळात भरवली गेलेली पुरुषांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा होती. ती एटीपी टूरच्या २५० गटात मोडत असे. सामने म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलाच्या हार्ड कोर्टवर होत. टाटा समूहाच्या प्रायोजकत्वामुळे ती 'टाटा ओपन महाराष्ट्र' या नावाने ओळखली जाई. भारतात होणारी त्या काळातील ही एकमेव एटीपी टूर स्पर्धा होती.

इतिहास

ही स्पर्धा इ.स. १९९६ मध्ये नवी दिल्लीत सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी चेन्नईला गेली. तेथे ती 'चेन्नई ओपन' म्हणून रुजली व २०१७ पर्यंत चालली. २०१८ मध्ये महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेच्या पुढाकाराने ती पुण्यात आली. प्रारंभी ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपनच्या पूर्वतयारीच्या काळात होत असे. २०२० व २०२२ मध्ये ती फेब्रुवारीत ढकलली गेली. कोविड-१९ साथीमुळे २०२१ ची स्पर्धा झाली नाही. २०२३ नंतर तिची जागा हाँगकाँगमधील स्पर्धेने घेतली.

एकेरी

पुण्यातील पाच स्पर्धांना पाच निरनिराळे विजेते लाभले. एकाही विजेत्याला आपले विजेतेपद राखता आले नाही. पहिल्या वर्षी स्पेनचा रोबेर्तो बाउतिस्ता अगुत चेन्नईचा गतविजेता म्हणून उतरला होता. त्याला उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सच्या जिल सिमाँने हरवले. सिमाँने पुढे अग्रमानांकित मारिन चिलिच आणि अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या केव्हिन अँडरसनवर मात केली (७-६, ६-२). हे त्याचे तेरावे विजेतेपद होते.

२०१९ मध्ये अँडरसनने याची परतफेड केली. त्याने उपांत्य फेरीत गतविजेत्या सिमाँला बाद केले आणि अंतिम सामन्यात क्रोएशियाच्या इव्हो कार्लोविचला ७-६, ६-७, ७-६ असे नमवले. तिन्ही सेट टायब्रेकरमध्ये गेलेला हा सामना पुण्यातील सर्वांत चुरशीचा अंतिम सामना मानावा लागेल. त्यावेळी कार्लोविच ३९ वर्षांचा होता.

२०२० मध्ये अँडरसन विजेतेपद राखण्यासाठी आलाच नाही. चेक प्रजासत्ताकच्या यिरी व्हेसेलीने बेलारूसच्या इगॉर गेरासिमोवला ७-६, ५-७, ६-३ असे हरवून पाच वर्षांहून थोड्या अधिक काळाने दुसरे विजेतेपद मिळवले. २०२२ मध्ये पोर्तुगालच्या जोआव सूसाने फिनलंडच्या एमिल रुसुवुओरीवर ७-६, ४-६, ६-१ अशी मात केली. २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या टॅलन ग्रीक्सपूरने पहिला सेट गमावूनही फ्रान्सच्या बेंजामिन बाँझीला ४-६, ७-५, ६-३ असे हरवले. ग्रीक्सपूरचे हे कारकिर्दीतील पहिलेच एटीपी विजेतेपद. स्पर्धाच पुण्याबाहेर गेल्याने ते तेथे राखण्याची संधी त्याला मिळाली नाही.

विजेतेपद राखणे

एटीपी क्रमवारीत मागील ५२ आठवड्यांचे गुण धरले जातात. त्यामुळे गतविजेत्याचे २५० गुण वर्षभराने गळतात आणि पुन्हा जिंकला तरच त्यांची पूर्ण भरपाई होते. सिमाँ २०१९ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला, तरी त्या फेरीचे गुण केवळ ९० होते. एरवी चांगली म्हणावी अशी ही कामगिरीही गतविजेत्यासाठी तोट्याचीच ठरते. शिवाय या गटातील स्पर्धेत पुन्हा खेळण्याचे बंधन विजेत्यावर नसते. त्याच आठवड्यात अन्यत्रही स्पर्धा असतात.

चेन्नईच्या काळात मात्र ही कामगिरी तिघांनी केली. स्पेनच्या कार्लोस मोयाने २००४ व २००५ मध्ये सलग दोनदा थायलंडच्या पॅराडॉर्न स्रिचफनला अंतिम सामन्यात हरवले, आणि दोन्ही वेळा निर्णायक सेट टायब्रेकरपर्यंत गेला. चिलिचने २००९ व २०१० मध्ये विजेतेपद पटकावले. त्यांपैकी पहिल्या वेळी त्याच्यासमोर सोमदेव देववर्मन होता. या स्पर्धेच्या एकेरीत अंतिम फेरी गाठणारा तो एकमेव भारतीय. स्वित्झर्लंडचा स्टॅन वावरिंका या सर्वांच्या पुढे आहे. २०११ मधील विजेतेपदानंतर त्याने २०१४, २०१५ व २०१६ असे सलग तीनदा ते जिंकले. २०१४ मध्ये चेन्नईनंतर त्याच महिन्यात त्याने ऑस्ट्रेलियन ओपनही जिंकली. २०१७ मध्ये तो चेन्नईऐवजी ब्रिस्बेनला खेळला.

दुहेरी

एकेरीत भारतीयांच्या वाट्याला न आलेले यश दुहेरीत भरभरून आले. लिअँडर पेस व महेश भूपती यांनी १९९७ ते १९९९ अशी सलग तीन वर्षे चेन्नईत विजेतेपद मिळवले. पुढे २००२ व २०११ मध्येही ही जोडी विजयी झाली. पुण्यात रोहन बोपण्णाने दोनदा बाजी मारली, २०१९ मध्ये दिविज शरणच्या आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनच्या साथीने. २०२३ मध्ये श्रीराम बालाजी व जीवन नेदुंचेळियन अंतिम फेरीत पोहोचले, परंतु बेल्जियमच्या सँडर गिले व योरान व्लीगेन यांच्याकडून ते ६-४, ६-४ असे पराभूत झाले.