चौक: कुडावरून कागदावर

डहाणू-तलासरीकडच्या वारली पाड्यावर लग्न ठरलं की घरातल्या कुडाला नवं लिंपण होतं. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमाती, वरून गेरू. ते वाळलं की सवासिनी तांदळाचं पीठ पाण्यात कालवतात, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करतात आणि चौक काढायला बसतात. चौकोनाच्या मधोमध पालघाट देवी, सुफलतेची देवता. जवळच घोड्यावर बसलेला पाच शिरांचा देव, पंचशिऱ्या. भोवती झाडं, जनावरं, नाचणारी माणसं. धवलेरी गाणी म्हणते, ती लग्न लावणारी बाई. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. उशीच्या अभ्र्यापासून सोसायटीच्या फाटकापर्यंत आज जी ‘वारली चित्रकला’ दिसते, तिचं मूळ घर म्हणजे हा कूड.

या चौकाचं वय किती? आकृतींमधलं साम्य पाहून काही जण त्याचं नातं थेट भीमबेटकाच्या प्रागैतिहासिक गुहाचित्रांशी जोडतात. पण गुहेतलं चित्र दगडावर टिकलं. चौक पिठाचा आणि भिंत मातीची. पुढच्या लिंपणाखाली तो जातो. जुना चौक म्हणून दाखवता येईल असं काही उरतच नाही. तो चित्रांतून नव्हे, हातांतून पुढे आला: आईनं काढलेला पाहून मुलीनं काढला. त्यामुळे हजारो वर्षांचा दावा सावधपणे करावा. परंपरा जुनी आहे, प्रत्येक चौक मात्र ताजा.

चौक ज्या लग्नासाठी, त्या लग्नाचा इतिहास साधा नाही. जमिनी सावकार-जमीनदारांच्या हातात गेल्यावर लग्नासाठी कर्ज काढणारा वारली त्याच सावकाराचा ‘लग्नगडी’ होई. कर्ज फिटेपर्यंत त्यानं तिथे राबायचं, बायकोनंही राबायचं, आणि कर्ज काही फिटायचं नाही. १९४५ मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली वारली उठले, तेव्हा वेठबिगारीबरोबर ही पद्धतही मोडली. त्या उठावाच्या नेत्या गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो सगळा काळ आहे. कुडावरच्या देवीसमोर संसार मांडणारं जोडपं दुसऱ्या दिवशी कोणाच्या शेतावर जात होतं, हे चौकाकडे पाहताना विसरू नये.

पुढचं वळण कागदाचं. १९६६-६७ च्या दुष्काळात बिहारच्या मिथिलेत भास्कर कुलकर्णी हे चित्रकार हस्तकला मंडळाच्या कामासाठी गेले. बायकांनी भिंतीवर काढलेलं कागदावर उतरवावं, त्यातून चार पैसे मिळावेत, हा हेतू. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेच कुलकर्णी कागद घेऊन डहाणूतल्या गंजाडला पोचले. माणूस तोच, युक्तीही तीच; फळ मात्र वेगळं आलं. मिथिलेत जगदंबा देवी, सीता देवी अशा बायकांची नावं देशभर झाली. वारल्यांत नाव झालं एका पुरुषाचं: जिव्या सोमा मशे.

मशे यांनी चौकाचे आकार घेतले आणि चौकोन सोडला. त्यांच्या कागदावर मासेमारीचं जाळं सगळी जागा व्यापतं, मुंग्यांसारखी माणसं ओळीनं चालतात, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीचा नाच चक्राकार फिरतो. लग्नविधीपासून सुटलेली रेषा रोजच्या जगण्याकडे वळली. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँग यांच्यासोबत प्रदर्शन झालं, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले, तोवर गंजाडच्या कित्येक घरांत चित्र हेच पोटापाण्याचं साधन झालं होतं.

मिळकत खरी, तशी अदलाबदलही खरी. कूड सर्वांचा होता, कागदावर सही आली. काढणाऱ्या बहुतेक बायका होत्या, ओळखले गेले ते बहुतेक पुरुष. बाजाराला तारप्याचा नाच हवा होता, पालघाट नको होती; म्हणून देवी मागे राहिली आणि नाच कपांवर चढला. शिवाय बाहेरच्यांनी ठसे करून छपाई सुरू केली. २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानं नावाला कायद्याचं कुंपण घातलं. चौक काढण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरवणं त्याच्या कक्षेत नाही.

आजचे वारली चित्रकार या वारशाला हात लावताना भिऊन वागत नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. गंजाडचे राजेश वांगड छायाचित्रकार गौरी गिल यांनी टिपलेल्या आपल्याच परिसराच्या छायाचित्रांवर रेखाटतात. फोटोत रिकामं माळरान असतं. वांगडांच्या रेषा त्यावर तिथल्या कथा आणि घडलेल्या गोष्टी आणून बसवतात. २०१७ मध्ये ही मालिका डॉक्युमेंटा या जागतिक प्रदर्शनात होती. हे काम पाहिल्यावर ‘खरी वारली फक्त भिंतीवरचीच’ हा हट्ट टिकत नाही.

तरी एक फरक राखायला हवा. कागदावरचं चित्र ही चित्रकाराची निर्मिती आहे. त्याचं नाव, गाव आणि रास्त मोल त्याला मिळालंच पाहिजे. चौक हा विधी आहे, तो विकत मिळत नाही. तेव्हा तारप्याचा नाच छापलेला कप घेताना एवढं तरी विचारा: हे कोणी काढलं, आणि त्याला काय मिळालं?