अकबरी, असगरी आणि घरखर्चाचा हिशेब

उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून सहसा डेप्युटी नज़ीर अहमद यांच्या ‘मिरात-उल-उरूस’चं नाव घेतलं जातं. साल १८६९. नावाचा अर्थ नववधूचा आरसा. दिल्लीच्या एका शरीफ घराण्यातल्या दोन बहिणी, अकबरी आणि असगरी, एकाच घरातल्या दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. थोरली नानीच्या लाडात वाढलेली, तोंडाळ, हट्टी. धाकटी समजूतदार, लिहिता-वाचता येणारी. पुढे उर्दू बोलणाऱ्या घरांमध्ये ही दोन नावं विशेषणांसारखी वापरली गेली. सून चांगली निघाली की असगरी, नाही निघाली की अकबरी. कादंबरी न वाचलेल्या सासवासुद्धा हे बोलत आल्या आहेत.

माझी तक्रार इथेच आहे. पुस्तक नीट वाचलं तर या दोघींमधला खरा फरक स्वभावाचा वाटत नाही.

अकबरी नवऱ्याकडे वेगळं घर मागते. वर्गात हा भाग आला की मुली हमखास तिची बाजू घेतात, “त्यात काय चुकलं, सर?” मला तरी काही चुकलेलं दिसत नाही. वेगळं घर मिळतं आणि तिथे एक ‘हज्जन’ येऊ लागते. आधी वस्तू अगदी स्वस्तात विकून विश्वास कमावते आणि शेवटी अकबरीचे दागिने घेऊन पसार होते. इतक्या कमी किमतीत ही वस्तू कशी परवडते, हा साधा प्रश्न अकबरीला पडत नाही. तो पडावा असं तिला कुणी काही शिकवलेलंच नसतं.

आता असगरीकडे पाहा. तिच्या सासरी मामा अज़मत नावाची जुनी मोलकरीण. घरचा सगळा सौदा तिच्याच हातून येतो. सासू भोळी, सासरे नोकरीनिमित्त लाहोरला. दुकानदारांची उधारी वाढत चाललेली, आणि नेमकं काय किती आलं हे घरात कुणालाच माहीत नाही. असगरी भांडत नाही. भाव विचारते, वजन पाहते, सासरे दिल्लीला येतील अशी पत्राने व्यवस्था करते आणि ते आल्यावर एकेका दुकानदाराला बोलावून हिशेब समोर मांडायला लावते. मामाची चोरी आपोआप उघडी पडते. मला तरी सगळ्या पुस्तकात हे प्रकरण सर्वात रंगतदार वाटतं. जिथे सून गप्प असणं हाच मोठा गुण मानला जाई, तिथे नवी सून घर सावरते ती उधारीच्या आकड्यांनी आणि एका पत्राने.

त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. मुलीने कुराण वाचावं इथपर्यंत बऱ्याच घरांची हरकत नसे. लेखणी हातात देण्याला मात्र असे. लिहिता आलं तर कुणाला पत्रं लिहील, ही भीती. सर सय्यद अहमद खान यांच्यासारख्या सुधारकानेही १८८२ च्या शिक्षण आयोगापुढे आधी पुरुषांचं शिक्षण, मग बायकांचं, अशीच भूमिका मांडली. नज़ीर अहमद यांनी त्याच्या तेरा वर्षं आधी हे पुस्तक लिहिलं, तेही मुळात स्वतःच्या मुलींना वाचायला काही हवं म्हणून. सरकारने त्याला हजार रुपयांचं बक्षीस दिलं आणि दोन हजार प्रती विकत घेतल्या. सरकारी बक्षिसामुळे काहींना त्यात इंग्रजांची शिकवण दिसते. असेलही. पण पात्रांच्या तोंडची दिल्लीच्या बायकांची बोली काही इंग्रजांनी शिकवलेली नव्हती. (मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी, बाबा पदमनजींची १८५७ ची ‘यमुनापर्यटन’, विधवांच्या दुःखावर आहे. दोन्ही भाषांत कादंबरी सुरू झाली ती बायकांच्या प्रश्नावरच, याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही.)

पुस्तकाला मर्यादा आहेत. असगरी इतकी निर्दोष आहे की कधी कधी कंटाळा येतो. पडद्याच्या चौकटीला लेखक हात लावत नाही. आणि अकबरीला तो फार लवकर बाजूला टाकतो, याचा मला राग आहे.

पण गोष्ट तिथे संपत नाही. असगरी पुढे घरीच मुलींचा मकतब चालवते. बड्या घरची हुस्नआरा तिच्याकडे येते. असगरी तिच्या हवेलीत शिकवायला जात नाही, मुलीलाच आपल्या घरी बोलावते. ही हुस्नआरा लाडावलेली, चिडकी, नोकरांवर हात उगारणारी, म्हणजे जवळपास लहानपणीची अकबरीच. तिला सुधारण्यासाठी नज़ीर अहमद यांनी पुढचं अख्खं पुस्तक खर्ची घातलं. त्यात मुली शिवणकाम करतात, हिशेब करतात, भूगोल शिकतात, पृथ्वी गोल कशी यावर वाद घालतात. पुस्तकाचं नाव ‘बनात-उन-नाश’. अरबीत सप्तर्षींना हे नाव आहे, आणि त्यातल्या ‘बनात’चा अर्थ मुली.