तपोदेचे स्नान आणि वाटसरू भिक्खू

नागपूरहून धम्मयात्रेला गेलेला उपासक राजगीरला वैभार पर्वताच्या पायथ्याची उष्ण कुंडे पाहतो आणि गृध्रकूटाकडे वळतो. पालि वाङ्मयातील ‘तपोदा’ ती हीच. भिक्खूंच्या स्नानाचा नियम तिच्या काठी जन्मला, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाही.

विनयपिटकातील ५७ व्या पाचित्तियाची निदानकथा अशी : मगधराज बिंबिसार डोक्यावरून न्हाण्यासाठी तपोदेवर आला. भिक्खू न्हात होते. आर्यांचे होईपर्यंत थांबावे, म्हणून तो एका बाजूस उभा राहिला. भिक्खू तिन्हीसांजेपर्यंत न्हातच राहिले. राजाचे स्नान अवेळी झाले, तोवर नगरद्वारे मिटली होती, आणि राजगृहाच्या स्वामीला रात्र वेशीबाहेर काढावी लागली. सकाळी हे कळताच भगवंतांनी भिक्खूंची निर्भर्त्सना केली व पंधरवड्याच्या आत पुन्हा स्नान न करण्याचा नियम घातला.

ह्या नियमात देहदंडाचा अवशेष पाहणे मला पटत नाही. दोष स्नानाचा नसून मात्रा न ओळखण्याचा आहे. राजाने भिक्षेवर जगणाऱ्यांना पाण्यावरून हटविले नाही, हा तपशील तर, २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर काय घडले हे जाणणाऱ्या वाचकास वेगळा उलगडून सांगावयास नको.

पुढे नियमास अपवाद जोडले गेले : उन्हाळा, आजार, काम, प्रवास, वारा-पाऊस. प्रवासाचा अपवाद विशेष बोलका आहे. चालून थकलेले भिक्खू नियमाच्या धाकाने घामेजल्या अंगाने निजत. चीवर आणि अंथरूण दोन्ही खराब होई. तेव्हा ‘अर्धा योजन जाईन’ असे ठरविणाऱ्यास, चालत असलेल्यास आणि पोचलेल्यास, तिघांनाही स्नानाची मुभा मिळाली. अर्धा योजन म्हणजे अवघे दोन गावुत. इतक्या थोड्या चालीलाही संघाने श्रम मानले. आपल्या सोपाऱ्याचा बाहिय दारुचीरिय श्रावस्तीपर्यंत गेला, तो सर्वत्र एकेकच रात्र मुक्काम करीत, असे उदानात म्हटले आहे. पण तो वल्कलधारी होता, ही शिस्त त्याला लागू नव्हती.

दक्षिणापथाचे प्रकरण ह्याहून निराळे. अवंतीहून सोण कुटिकण्ण जेतवनात पोचला, तेव्हा उपाध्याय महाकच्चायनांचा निरोप त्याच्याजवळ होता : अवंती-दक्षिणापथातील लोक स्नानास महत्त्व देतात, पाण्याने शुद्धी मानतात, तेथे नित्य स्नानाची अनुज्ञा असावी. पाण्याने शुद्धी होते हे मत भगवंतांना मान्य नव्हते. तरीही लोकरीत ओळखून त्यांनी सर्व प्रत्यंत जनपदांत नित्य स्नानास अनुज्ञा दिली. कान्हेरीला लेण्यालेण्यांपाशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांचे दान देणाऱ्यांनी शिलालेखांत त्यांना ‘पोढि’ म्हटले आहे.