झाकली मूठ : अमेरिकी कॉलेजप्रवेशातील न कळवलेल्या गुणांचा इतिहास

२३ जून १९२६ रोजी अमेरिकेत ८,०४० मुलामुलींनी एक नवी परीक्षा दिली. ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न. विरुद्धार्थी शब्द, अंकगणित, अंकमालिका, शिवाय एका बनावट भाषेतली भाषांतरेही. हिला अभ्यासक्रम नव्हता, कारण शिकलेले नव्हे तर शिकण्याची कुवत मोजायची असा दावा होता. हीच ती एसएटी. तिच्यावर इंग्रजीत कपाटे भरतील एवढे लिहून झाले आहे. मला त्यातला एकच धागा ओढायचा आहे : कमी पडलेले गुण कॉलेजला दाखवायचे की झाकायचे, हा निर्णय मुलांच्या हाती कधी आला आणि आल्यावर त्याचे काय झाले?

मी शिक्षणतज्ज्ञ नव्हे. नोकरी हिशेबाची, आणि संध्याकाळी जुने अहवाल वाचण्याची खोड. पण नातेवाइकांची, शेजाऱ्यांची मुले तिकडे अर्ज करू लागली. तिकडच्या बऱ्याच कॉलेजांच्या लवकरच्या अर्जाची मुदत १ नोव्हेंबरच्या आसपास असते, म्हणजे इकडे फराळाची गडबड आणि तिकडून प्रश्न : ‘काका, १३९० आलेत, पाठवू का?’ या प्रश्नाचा इतिहास असेल असे मला वाटले, आणि तो आहे.

परीक्षा रचणारे प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅम. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बुद्धिचाचण्यांवर त्यांनी काम केले होते आणि १९२३ साली त्या आकड्यांवरून वंशांची उतरंड लावणारे पुस्तकही लिहिले. १९३० मध्ये त्यांनीच ते निष्कर्ष निराधार ठरवून मागे घेतले. परीक्षा मात्र मागे घेतली गेली नाही. हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कॉनंट आणि त्यांचे सहकारी हेन्री चॉन्सी यांना ती शिष्यवृत्तीसाठी लहान गावांतली हुशार मुले शोधण्याला उपयोगी वाटली. १९४७ मध्ये परीक्षा घेणारी ईटीएस ही संस्था उभी राहिली आणि चॉन्सी तिचे प्रमुख झाले.

आता माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. १९५८ पर्यंत हे गुण विद्यार्थ्याला थेट कळवलेच जात नसत. ते जात कॉलेजकडे आणि शाळेकडे. म्हणजे परीक्षेच्या पहिल्या तीसेक वर्षांत गुण दाखवू की झाकू हा प्रश्न पडायला जागाच नव्हती. आपल्याकडे दहावीचा निकाल वर्तमानपत्रात बैठक क्रमांकांनिशी छापला जाई, अख्ख्या आळीला कळे. तिकडे उलट, ज्याचा निकाल त्यालाच पत्ता नाही. १९५८ मध्ये आकडा मुलांच्या हाती आला खरा, पण कॉलेजांकडे जाणारी प्रत थांबवण्याचा अधिकार आला नाही.

तो आला मेन राज्यातल्या बोडिन या लहानशा जुन्या कॉलेजात. १९६९ च्या सुमारास बोडिनने ठरवले की गुण पाठवणे ऐच्छिक. शेजारच्या बेट्स कॉलेजने १९८४ मध्ये एसएटीपुरते आणि १९९० मध्ये सर्वच प्रवेशपरीक्षांना तेच धोरण लावले. बेट्सने वीस वर्षांचा हिशेब २००४ साली मांडला. गुण पाठवणारे आणि न पाठवणारे यांच्या कॉलेजातल्या सरासरी श्रेणीत फरक ०.०५ चा, पदवी पूर्ण करण्याच्या प्रमाणात फरक ०.१ टक्क्याचा. प्रवेशप्रमुख विल्यम हिस यांचा अर्थ असा, की झाकलेल्या गुणांनी कॉलेजचे काहीच नुकसान केले नाही.

याला उत्तर संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी दिले आणि मला ते जास्त रोचक वाटते. ते बरीच वर्षे ईटीएसमध्ये होते. बोडिनला १९९९ मध्ये आलेल्या ३७९ विद्यार्थ्यांपैकी १०६ जणांनी गुण पाठवले नव्हते. पण परीक्षा तर दिलेली होती, आणि ईटीएसच्या दप्तरात आकडे होते. ते काढून पाहिले तेव्हा पाठवणाऱ्यांची सरासरी १३२३ आणि न पाठवणाऱ्यांची १२०१ निघाली. पहिल्या वर्षाच्या श्रेणीतही दुसरा गट थोडा मागे होता. कॉलेजपासून मूठ झाकलेली होती, दप्तरापासून नव्हे. वेनर यांचा टोला पुढचा आहे : दुबळे गुण आलेच नाहीत की कॉलेजची जाहीर सरासरी आपोआप चढते, आणि क्रमवारीत कॉलेज वर सरकते. औदार्याचा हा पैलू बेट्सच्या अहवालातून कळत नाही.

आता आंब्याच्या पेटीकडे वळतो. विक्रेता वरचा थर दाखवतो आणि खालचा उघडत नाही. गिऱ्हाईक काय समजते? खाली काहीतरी डागाळलेले आहे. मग ज्याचा खालचा थर बरा आहे तो स्वतःहून पेटी उघडतो, आणि न उघडणाऱ्यावरचा संशय आणखी वाढतो. अर्थशास्त्रज्ञ पॉल मिलग्रॉम आणि सॅनफर्ड ग्रॉसमन यांनी १९८१ मध्ये हे गणिताने मांडले : खरे-खोटे पडताळता येत असेल, तर गप्प बसणाऱ्याबद्दल लोक वाईटात वाईट तेच धरून चालतात. कॉलेजे म्हणतात, आम्ही तसे धरत नाही. काही प्रामाणिकपणे धरतही नसतील. पण सतरा वर्षांच्या मुलाने त्यावर किती विसंबायचे?

याच्या अलीकडची एक पायरीही आहे. एसएटी अनेकदा देता येते. पूर्वी गुण पाठवा म्हटले की सगळ्या प्रयत्नांचे एकत्र जात. २००९ पासून कोणत्या दिवसाचे पाठवायचे हे निवडण्याची सोय झाली. काही विद्यापीठांनी ती मानली नाही. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनला सगळेच हवे असतात. परत परत परीक्षा देणे पैशाचे आणि सवडीचे काम आहे, तेव्हा या सोयीचा लाभ कोणाला झाला असेल ते वेगळे सांगायला नको.

२०२० मध्ये करोनाने परीक्षाकेंद्रेच बंद पडली आणि बोडिनचा अपवाद एका वर्षात सार्वत्रिक नियम झाला. इथे एक चक्र फिरू लागले. कॉलेजे आपल्या प्रवेशितांपैकी मधल्या निम्म्या मुलांचा गुणपल्ला प्रसिद्ध करतात. समजा तो १३५० पासून सुरू होतो. १३४० वाला गुण झाकतो. पुढच्या वर्षीचा पल्ला फक्त पाठवणाऱ्यांचा, म्हणून तो चढून १३९० पासून सुरू होतो. आता १३८० वालाही झाकतो. मुले तितकीच हुशार, पण ‘कमी’ या शब्दाची रेघ दरवर्षी वर.

या रेघेखाली कोण चिरडले गेले, ते डार्टमथ कॉलेजच्या चार प्राध्यापकांनी जानेवारी २०२४ मध्ये दाखवले. हलाखीच्या घरांतल्या, साध्या शाळांतल्या शेकडो मुलांनी १४०० च्या आसपासचे गुण झाकले होते. प्रसिद्ध पल्ल्यापुढे त्यांना ते तोकडे वाटले. प्रवेशसमिती मात्र आकडा त्या मुलाच्या शाळेच्या संदर्भात वाचते. जिथे शाळेची सरासरी १००० च्या आसपास, तिथला १४०० वाला लखलखीत दिसला असता. तो दिसलाच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे मुठीतच सव्वा लाख होते आणि मूठ झाकूनच राहिली. सधन मुलाला पैसे मोजून घेतलेला सल्लागार हे सांगतो. साध्या शाळेतल्या मुलाच्या हातात असतो तो जाहीर पल्ला.

आपल्याकडे २०१० मध्ये अकरावी प्रवेशासाठी ‘बेस्ट फाइव्ह’ आले तेव्हा केवढा वाद झाला! उच्च न्यायालयाने ते रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरले. सहापैकी सर्वांत कमी गुणांचा विषय सोडायचा. तेव्हा माझे मत फारसे अनुकूल नव्हते, आजही गुणवत्तेच्या दृष्टीने शंका आहेत. पण एक बाजू त्याची भक्कम आहे : नकोसा विषय नियमानेच सगळ्यांचा गळतो. तो कोणी लपवला असा अर्थ निघत नाही, आणि लपवावा की नाही हे ठरवायला सल्लागार लागत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने मे २०२० मध्ये याच जातीचा निर्णय घेतला आणि आता ते प्रवेशासाठी कोणाचेच गुण बघत नाही. उलट टोकाला, एमआयटीने २०२२ मध्ये, तर डार्टमथ, येल, ब्राउन आणि हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. येलने तेवढी एसएटीऐवजी इतर काही परीक्षांचे गुण चालतील अशी मुभा ठेवली.

मला ही दोन्ही टोके मधल्या ऐच्छिकतेपेक्षा बरी वाटतात, निदान मुलाच्या बाजूने. सगळ्यांचे पाहा किंवा कोणाचेच पाहू नका. अंदाज बांधण्याचे काम अर्जदारावर पडत नाही. माझ्या ओळखीचे शिक्षक यावर भांडतात. त्यांचे म्हणणे असे की सक्ती आली की शिकवण्यांचा धंदा फोफावतो. फोफावतोच. स्टॅनली कॅप्लन यांनी ब्रुकलिनमध्ये एसएटीच्या शिकवण्या सुरू केल्या त्या १९४६ साली, म्हणजे ईटीएस जन्मायच्याही आधी.

मेनमधली ती दोन कॉलेजे जागची हललेली नाहीत. बोडिन आणि बेट्समध्ये गुण पाठवणे अजूनही अर्जदाराच्या मर्जीवर आहे.